मुद्दाम चुकवलेला नेम

व्हॉयेजर-2 या अंतराळयानाचा अँटेना 3.7 मीटर व्यासाचा, आणि यानाला पक्का जखडलेला. तो पृथ्वीकडे वळवायचा तर अख्खे यानच वळवावे लागते. त्यातून निघणारा रेडिओझोत जेमतेम अर्ध्या अंशाचा, आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा. 2,000 कोटींहून अधिक किलोमीटरवरून तो पृथ्वीवर पडायला हवा.

यान नेम धरते सूर्याच्या आधाराने. अँटेनाच्या तबकडीतच एक झरोका ठेवलेला आहे. त्यातून संवेदक सूर्याला पाहतो. इतक्या दुरून पृथ्वी सूर्यापासून अर्धा अंशही लांब जात नाही, त्यामुळे सूर्य सापडला की किती सरकायचे एवढेच ठरवायचे उरते. पण संवेदकाचा मध्य तोच झोताचा मध्य कशावरून? जमिनीवर दोन्ही जुळवलेले असतात. मग उड्डाणाचे हादरे बसतात, वजनाचा ताण सुटतो, थंडीने सांगाडा आकसतो, इलेक्ट्रॉनिक्स जुने होते.

संदेश सर्वांत जोरकस येईल तो मध्य, असे कुणालाही सुचेल. अडचण अशी की झोताचा माथा सपाट असतो. नेम अंशाच्या विसाव्या भागाने ढळला तरी ताकद तीन टक्केही घटत नाही. तेवढा फरक आपल्याकडचे ढगही पाडू शकतात. म्हणून अभियंते यानाला मुद्दाम नेमावरून हलवतात. समजा, आधी पाव अंश एका बाजूला, मग तेवढेच दुसऱ्या बाजूला. तिथे, झोताच्या उतारावर, ताकद झपाट्याने बदलते. नेम अचूक असेल तर दोन्हीकडे ती सारखी भरते. तीच विसाव्या भागाची चूक असेल, तर एका बाजूचा संदेश दुसरीच्या सुमारे पावणेदोन पट जोरकस येतो! ही तुलना मला फार सुंदर वाटते. हवामानाचा परिणाम दोन्ही मोजमापांत जवळपास सारखाच असतो, त्यामुळे तो आपोआप वगळला जातो. मग हीच मोजणी वर-खाली.

ताकद मोजायची ती पृथ्वीवर, आणि संदेश यायलाच 2023 मध्ये साडेअठरा तास लागत होते. म्हणून सगळ्या वळणांचे वेळापत्रक यानात आधीच भरून ठेवावे लागते.

21 जुलै 2023 रोजी मात्र नियोजित आज्ञांमधल्या चुकीने अँटेना दोन अंशांनी ढळला. झोताच्या रुंदीच्या चौपट! संपर्क तुटला. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या 70 मीटर व्यासाच्या अँटेनातून जोरदार आज्ञा धाडली गेली. आज्ञा कमी वारंवारतेवर जातात, आणि त्या वारंवारतेला तीच तबकडी अधिक रुंद पट्ट्यातून ऐकू शकते. यानाने आज्ञा पाळली. 4 ऑगस्टला माहिती पुन्हा येऊ लागली. तसे झाले नसते, तर 15 ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले असते: यान वर्षातून काही वेळा आपली दिशा स्वतःच नव्याने लावते, आणि पुढची पाळी त्या दिवशी होती.