लहान लाकडी चाके घरच्या घरी

बेंदूर-पोळा जवळ आला की पोरं लाकडी बैलाला, गाडीला चाकं मागतात. विजेचा ड्रिल आता बऱ्याच घरी आहे, तेव्हा दोन-अडीच इंची चाकासाठी सुतारमेटावर खेटे घालायला नकोत. मात्र बोटे शाबूत राहिली पाहिजेत, म्हणून हा लेखप्रपंच.

लहान चाकासाठी लहान तुकडा घेऊ नये. तळहाताएवढी फळी डाव्या हातात धरून ड्रिल चालवला की दाते लाकडात रुततात, फळीच गरकन फिरते नि मनगट पिरगळते. हातभर फळी घ्या, पक्क्या टेबलाला दोन क्लॅम्पने आवळा, आणि चाक अगदी शेवटी फळीतून सुटे होऊ द्या. सैल बाही, उपरणे नको. हातमोजेसुद्धा नकोत, तेच आधी गुंडाळले जातात.

होल सॉ म्हणजे कडेला दाते असलेली वाटीच. तिच्या मधला ड्रिल आधी भोक पाडतो, तेच पुढे आसाचे भोक. वेग कमी ठेवा. निम्म्या जाडीपर्यंत कापून फळी उलटी करा, पुन्हा आवळा आणि त्याच भोकातून दुसऱ्या बाजूने काम पुरे करा. एकाच बाजूने रेटले तर खालची कड फुटते, शिवाय चाक वाटीत अडकून बसते. धूर दिसला तर जोर लावू नका, भुसा साफ करा. वाटीवरचे माप भोकाचे असते. चाक त्याहून थोडे लहान निघते.

होल सॉ नसला तरी अडत नाही. आसाचे भोक फळीतच पाडून त्याभोवती 60 मिमीचा चौकोन कापा, व्हाइसमध्ये धरा. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे साडेसतरा मिमीवर खुणा करून कोपरे उडवा, अष्टकोन होतो. त्याचेही कोपरे काढा, मग कानस.

लाकूड वाळलेलेच हवे. ओले लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आक्रसते आणि गोल चाक लंबगोल होऊन बसते. चौकटीतला उरलेला सागवान उत्तम. बाभूळ गाडीला नामी, पण घरच्या ड्रिलचा घाम काढते!

चारही चाके एका मापाची हवीत तर एकाच बोल्टवर ओवून नट आवळा नि एकत्रच घासा.