रंगाऐवजी बेडलायनर: गाडीला चिलखत चढवण्याआधी

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचलाय. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा सांगतो. जुनी जिप्सी घेतली आहे, रंग ठिकठिकाणी उडालाय, दाराच्या खालच्या कडेला गंज दिसतोय. गॅरेजवाला म्हणतो, पेंटच्या भानगडीत पडू नका, पूर्ण गाडीला बेडलायनर मारून टाका, मग दहा वर्षं बघायलाच नको. करू का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. बेडलायनर रंगापेक्षा टणक आहे, यात वाद नाही. पण एकदा मारला की तो सहजासहजी निघत नाही. त्यामुळे गाडीवर बाहेरून काय आदळणार, यापेक्षा लायनरच्या खाली काय राहणार, हा प्रश्न मोठा आहे. आता हे का, ते नीट बघू.

हे प्रकरण आलं कुठून?

अमेरिकेत पिकअप ट्रक म्हणजे घरोघरची गाडी. मागच्या हौद्याला तिथे 'बेड' म्हणतात, आणि त्या हौद्याचं अस्तर म्हणजे बेडलायनर. हौद्यात विटा, लोखंडी पाइप, अवजारं टाकली की कंपनीचा रंग आठवड्याभरात खरवडून निघतो. म्हणून आधी प्लॅस्टिकचं तयार अस्तर हौद्यात बसवायची पद्धत आली. पण त्यात एक गोची होती. प्लॅस्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी आणि माती शिरायची, गाडी हलली की प्लॅस्टिक पत्र्यावर घासायचं आणि खाली रंग जाऊन गंज चढायचा. वरून सगळं छान दिसायचं. अस्तर उचललं की खालचा पत्रा लालभडक.

त्यावर उपाय म्हणून फवारून चिकटवायचं अस्तर आलं. अमेरिकेत ऱ्हायनो लायनिंग्ज आणि लाइन-एक्स ही त्यातली मोठी नावं. ब्रिटनच्या यू-पोल कंपनीचा रॅप्टरही प्रसिद्ध आहे, कारण तो साध्या कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या गनने मारता येतो. मग ऑफ-रोडिंगवाल्यांच्या डोक्यात आलं, हौद्याला चालतं तर अख्ख्या गाडीला का नाही? झाडाच्या फांद्या, दगड, चिखल, कशाचीच भीती नको. आपल्याकडे थार, जिम्नी, जिप्सीवाल्यांमध्ये ही हौस तिथूनच आली.

रंग आणि लायनर, फरक नक्की काय?

कंपनीतून आलेल्या गाडीवर जो रंग दिसतो तो एक थर नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमरचा थर चढवतात, त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग, मग वरचा पारदर्शक क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉन धरला, तर दोन केसांएवढी!

बेडलायनर याच्या कितीतरी पट जाड. गन आणि मटेरियलप्रमाणे अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत. पण खरा फरक जाडीपेक्षा स्वभावात आहे. रंग कडक असतो, दगड बसला की त्याचा टवका उडतो. लायनर रबरासारखा दबतो आणि परत जागेवर येतो. तुमच्या बुटाचा पीयू सोल असतो ना, तो पॉलियुरेथेनच. बरेचसे बेडलायनरही पॉलियुरेथेनचे असतात. म्हणजे गाडीला बुटाचा सोल चढवला, असं समजा.

आणि हे नीट लक्षात घ्या, गंजापासून खरं संरक्षण त्या फॉस्फेट आणि ई-कोटचं असतं. दाराच्या आत, चौकटीच्या पोकळीत, जिथे कुठलीच गन पोचत नाही तिथेही ई-कोट पोचलेला असतो. लायनर फक्त बाहेरून बसतो.

डब्यात काय असतं?

दोन भाग असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात रेझिन. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि मिश्रण घट्ट होत जातं. रेझिन पॉलिऑल असेल तर पॉलियुरेथेन बनतं, अमाइन असेल तर पॉलियुरिया. पॉलियुरिया काही सेकंदांतच घट्ट होतो, म्हणून तो मिसळून ठेवता येत नाही. मोठ्या मशीनमध्ये दोन्ही भाग गरम करून, प्रचंड दाबाने, गनच्या तोंडाशीच मिसळतात. बाटलीतल्या किटला मात्र वेळ मिळतो, त्यामुळे तो छोट्या गॅरेजमध्येही मारता येतो.

इथे गॅरेजवाल्याला दोन गोष्टी विचाराच.

पहिली, मटेरियल ॲरोमॅटिक आहे की ॲलिफॅटिक? ॲरोमॅटिक स्वस्त, पण उन्हात पिवळट पडतो, फिका होतो, वर पांढरट भुकटी धरते. हौद्यात एकवेळ चालतं. बॉनेटवर आणि टपावर, जिथे आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन थेट पडतं, तिथे ॲलिफॅटिकच हवा, किंवा वरून ऊन सोसणारा थर तरी हवा.

दुसरी, काम कुठल्या महिन्यात करणार? आयसोसायनेटची पाण्याशीही क्रिया होते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ओल्या पत्र्यावर किंवा दमट हवेत पॉलियुरेथेन मारला तर आतमध्ये बुडबुडे राहू शकतात. जुलैमध्ये उघड्या शेडखाली हे काम करून घेऊ नका. मारल्यावरही पूर्ण पक्कं व्हायला बऱ्याच मटेरियलना जवळपास आठवडा लागतो.

गंज लपतो, थांबत नाही

आता मुद्द्यावर येऊ. गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन लागतो. मीठ असेल तर काम आणखी लवकर होतं. म्हणून मालवण-रत्नागिरीकडच्या गाड्या लवकर सडतात, आणि अमेरिका-कॅनडात थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्याही. त्या बाजूला राहणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको.

जुन्या गाडीचा गंज बऱ्याचदा आतून बाहेर येतो. काचेच्या फटीतून दारात पाणी जातं. ते बाहेर पडायला दाराच्या तळाशी छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आत बरंच काही झालेलं असतं. आता त्यावर बाहेरून दोन मिलिमीटरचा लायनर मारला तर काय होईल? आतलं पाणी तिथेच, ऑक्सिजन तिथेच, मीठही तिथेच. फक्त फोड दिसायचा बंद. त्यात गन मारताना तळाची भोकं बुजली तर विचारूच नका.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर हा रिकामा कॅच ब्लॉक आहे. एरर गिळून टाकली, स्क्रीनवर काही दिसत नाही, पण बग जागच्या जागी. रंगाच्या गाडीत गंज निदान अलर्ट देतो. लायनरच्या गाडीत तुम्ही तो अलर्टच म्यूट केलेला असतो. आणि जिथे सीटबेल्टचे किंवा चासीचे बोल्ट धरतात तो भाग असा गुपचूप सडला, तर विषय दिसण्याचा राहत नाही, जिवावर येतो.

म्हणून क्रम असा हवा. सडलेला पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करायचा. बाकीचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारायचा. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे मेण आणि तेलकटपणा काढून पॉलिश पेपरने खरखरीत करायचं, कारण गुळगुळीत चकाकत्या रंगावर लायनर धरत नाही, पुढेमागे सालीसारखा सुटतो. पोकळ्यांमध्ये आतून गंजरोधक मेण मारायचं. तळाची भोकं मोकळी ठेवायची. आणि मग लायनर. गॅरेजवाला या आधीच्या कामाला चार-पाच दिवस मागत असेल तर आनंदाने द्या. 'एका दिवसात गाडी देतो' म्हणाला तर तिथून निघा.

गाडी आधीच लायनर मारलेली विकत घेत असाल तर याच कारणासाठी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

ज्या गोष्टी कोणी सांगत नाही

वजन. समजा गाडीचं बाहेरचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे. त्यावर २ मिलिमीटर थर म्हणजे २४ लिटर मटेरियल, म्हणजे साधारण २५ किलो. सिमेंटचं अर्धं पोतं कायम टपावर नि दारांवर!

फटी. दार आणि बॉडी यांच्यामध्ये काही मिलिमीटरचीच जागा असते. दोन्ही कडांवर दीड-दीड मिलिमीटर चढला तर तीन मिलिमीटर तिथेच गेले. मग दार घासतं.

धुणं. खरखरीत पृष्ठभागात लाल माती अडकून बसते. फडक्याने पुसून भागत नाही, ब्रश लागतो.

दुरुस्ती. रंगावरचा ओरखडा पॉलिशने जातो. लायनरला पॉलिश नाही. अपघात झाला, डेंटिंग करायचं झालं, तर त्या भागातला लायनर आधी ग्राइंडरने काढावा लागतो, आणि नवीन थराचा खरखरीतपणा जुन्याशी जुळवणं कठीण.

सेन्सर. बंपरमधले पार्किंग सेन्सर आणि रडार यांच्यावर हे अजिबात जाऊ देऊ नका.

मारणाऱ्याच्या छातीचं काय?

हा भाग कृपया पुढे ढकलू नका. आयसोसायनेट हे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याचं एक मोठं कारण म्हणून जगभर ओळखलं जातं. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येऊ शकतो. त्या माणसाला मग हे काम कायमचं सोडावं लागतं. १९८४ मध्ये भोपाळला जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुटुंबातला. लायनरमधली रसायनं वेगळी आहेत आणि त्याच्याइतकी पटकन हवेत उडत नाहीत, पण फवारताना बारीक तुषार होतात आणि ते थेट फुप्फुसात जातात.

तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. साध्या धुळीच्या मास्कनेही नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंग पूर्ण झाकणारा सूट आणि हवा खेचणारा बूथ लागतो. गॅरेजमध्ये गेलात की हे आहे का ते बघा. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा बनियनवर गन मारत असेल तर तिथे गाडी देऊ नका. आपल्या हौसेची किंमत त्याने का मोजायची? आणि यूट्यूब बघून घरच्या पार्किंगमध्ये स्वतः मारायचा बेत असेल, तर शेजाऱ्यांच्या लहान मुलांचाही विचार करा.

कागदपत्रं

आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीला काळा लायनर मारला तर तो रंगबदलच. त्यासाठी आरटीओकडे नोंद करावी लागते, आणि ती कामाआधी विचारूनच करा. विमा कंपनीलाही कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर रंगाच्या आणि गंजाच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

आणि एक खास गोष्ट. जिप्सीवाल्यांना मिलिटरीचा हिरवा फार आवडतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याच वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लायनरमध्ये तो रंग मिसळून मिळतो म्हणून तो चालतो असं नाही.

मग करायचं काय?

नवीन गाडी असेल तर माझं मत सरळ आहे, पूर्ण बॉडीला लायनर नको. कंपनीचा उत्तम रंग खरवडून त्यावर कायमचा थर चढवण्यात अर्थ नाही. दगडांचीच भीती असेल तर पीपीएफ, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म लावा. ती नको झाली तर काढता येते.

दगड जिथे खरंच बसतात, म्हणजे दाराखालचा पट्टा, चाकांच्या कमानी, स्टीलचे बंपर, तेवढ्याच भागाला लायनर मारणं हा मला सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. वजन कमी, खर्च कमी, आणि बाकीची गाडी दिसत राहते.

आणि आपल्या जिप्सीवाल्या मित्राला सांगायचं तर, आधी पेचकस घेऊन गाडीखाली झोपा. गंज दिसतो तिथे टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर तुमचं पहिलं बिल वेल्डरचं आहे, लायनरवाल्याचं नाही. पत्रा दणकट झाला, प्रायमर बसला, की मग हवा तर खुशाल लायनर मारा, जंगलात न्या, फांद्या घासू द्या. अशा गाडीला तो शोभतोही.

तुमच्याकडे लायनर मारलेली गाडी असेल तर तीन-चार पावसाळ्यांनंतर ती कशी आहे ते आम्हाला नक्की कळवा, फोटो खालून काढलेले पाठवा! भेटू पुढच्या भागात.