मालमोटारीचा मागील तांबडा दिवा

शेतमाल बाजारास नेणाऱ्या मालमोटारी बहुधा रात्रींच निघतात. ऊस, कांदा किंवा भाजीपाला यांनीं शिगोशीग भरलेली जुनी गाडी संथपणें चालली असतां तिचा मागील तांबडा दिवा बंद असेल, तर मागून वेगानें येणाऱ्यास ती अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं. हा दिवा मागून १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांचा दंडक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एवढें अंतर सुमारें ९ सेकंदांत तोडते. दिवाच नसल्यास सावध होण्यास हे ९ सेकंदही मिळत नाहींत.

दिवा लागला नाहीं कीं बल्ब बदलावा, आणि फ्यूज उडाला कीं त्या जागीं जाड तार घालावी, अशी चाल आमच्या पाहण्यांत पुष्कळदां येते. पहिलीनें पैसे वायां जातात. दुसरीनें गाडीस आग लागण्याचें भय असतें. प्रवाहाची वाट समजून घेतल्यास दोष शोधणें मुळींच कठीण नाहीं.

बॅटरींतून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच व लांब तार यांतून बल्बापर्यंत जातो. परतीसाठीं मात्र बहुतेक गाड्यांत वेगळी तार नसते. होल्डरापासून लोखंडी सांगाड्यांतून तो बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. चिखल, पाणी व गंज यांमुळें जुन्या गाडींत पुष्कळदां हीच वाट बिघडते. मागील बल्बांत कित्येकदां दोन तंतू असतात. ५ वॅटचा रात्रीच्या दिव्याचा व २१ वॅटचा ब्रेकचा. ब्रेक दाबतांच दिवा उजळण्याऐवजीं मंद झाला, किंवा शेजारचा भलताच दिवा मिणमिणूं लागला, तर प्रथम अर्थाचा संशय घ्यावा. सरळ वाट बंद झाल्यानें प्रवाह दुसऱ्या तंतूंतून वाट काढीत असतो.

शोधासाठीं महाग यंत्र नको. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असो वा २४ ची, तेवढ्याच व्होल्टचा एक लहान बल्ब घेऊन त्यास दोन तारा जोडाव्या. एक तार सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या भागास लावावी. गाडीचे दिवे चालू करून दुसरी होल्डरांतील टोकास टेकवावी. चाचणीचा दिवा लागला तर प्रवाह तेथवर पोहोंचतो असें ठरलें. मग दोष बल्बांत किंवा अर्थांत. होल्डरापासून स्वच्छ सांगाड्यापर्यंत एक तार तात्पुरती धरून पाहावी. तेवढ्यानें गाडीचा दिवा लागला तर अर्थच बिघडला होता. चाचणीचा दिवा लागला नाहीं, तर तारेच्या मार्गानें एकेक जोड तपाशीत पुढें फ्यूजकडे जावें. जेथें तो लागतो व जेथें लागत नाहीं, त्या दोन ठिकाणांच्या मध्यें दोष असतो. फक्त ब्रेकचा दिवा लागत नसल्यास ब्रेकचा स्विचही पाहावा.

दुरुस्तीपूर्वीं बॅटरीची तार सोडावी. अर्थाची जागा काचकागदानें चकचकीत घासून बोल्ट घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावें. तुटलेल्या तारेस तेवढ्याच जाडीची तार डाख लावून जोडावी. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळूं नये. सांगाड्याच्या छिद्रांतून तार जाते तेथें रबरी कडें बसवावें, आणि धुराच्या नळीपासून ती दूर बांधावी. फ्यूज मूळ मापाचाच घालावा. तो पुन्हां उडाला तर तार कोठेंतरी सांगाड्यास लागली आहे असें जाणून ती जागा शोधावी.

गाडी निघण्यापूर्वीं एकानें मागें उभें राहावें व दुसऱ्यानें दिवे लावून ब्रेक दाबावा. या कामास दोन मिनिटेंही लागत नाहींत. तांबड्या चकाकत्या पट्ट्या अवश्य असाव्या, परंतु त्या दिव्याची जागा घेऊं शकत नाहींत. आमच्या सभासद बंधूंनीं तांबडा दिवा लागल्याखेरीज माल भरलेली गाडी रात्रीं रस्त्यावर काढूं नये, हीच आमची विनंति.