बीपीची गोळी : कुठे सुटली, कुठे टिकली

रक्तदाबावर औषधाने ताबा मिळवता येतो, हे जगाला पटवण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या परिणामांवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ही आपल्याकडची जुनी मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत गेली. पण तिने नाक चोंदे, सुस्ती येई, काहींना खिन्नता ग्रासे. रक्तदाबाचा स्वतःचा त्रास सहसा जाणवत नाही आणि गोळीचा मात्र रोज जाणवतो, अशा वेळी रुग्ण ती सोडणारच. त्या काळातल्या रुग्णांना मी दोष देऊ शकत नाही.

पुढे अॅम्लोडिपिन आलं. दिवसातून एकच गोळी, शरीरात तिचा अंमल दीर्घकाळ टिकतो, किंमतही कमी. म्हणजे औषधाची अडचण बरीचशी सुटली. तरीही गोळ्या सुटतच राहिल्या. दीर्घ आजारांत श्रीमंत देशांतही जेमतेम निम्मेच रुग्ण औषध नेमाने घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये सांगितलं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि त्याचं रुग्णालय, म्हणजे घाटी, मराठवाड्याचा आधार झालं. जालना-बीडकडचे लोकही तिथे येतात. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, केसपेपरची रांग, मग औषधाची रांग. एवढं करून पंधरा दिवसांच्या गोळ्या हाती पडल्या तर पुढच्या खेपेला माणूस येईल कसा? “आता बरं वाटतंय,” “एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते,” ही वाक्यं ओपीडीत रोज ऐकू येतात. त्यांत गैरसमज आहेच, पण बऱ्याचदा त्यामागे न परवडणारी खेप दडलेली असते. ‘रुग्ण ऐकत नाहीत’ हा शेरा मला म्हणूनच अपुरा वाटतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ही गाठ नेमकी ओळखली. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे आपले जिल्हे. उपचारांचा एकच ठरलेला क्रम, मोजकीच औषधं, किमान महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येकाची नोंद आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. २०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी गोळ्या घरपोच गेल्या. २०२२ पर्यंत उपक्रम २३ राज्यांतल्या १३० हून अधिक जिल्ह्यांत पोचला, संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला आणि उपचाराखालच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा रक्तदाब ताब्यात असल्याचं दिसलं. साध्या सरकारी दवाखान्यांत हे घडलं, याचं मोल मला फार वाटतं.

उलट बाजूही याच काळातली. राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, पुरवठ्याची ओढाताण होत राहिली आणि अखेर २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण नेमावं लागलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या’ असं एकदा ऐकलेला मजूर मेडिकलवर जातोच असं नाही. तो घरी जातो आणि गोळी तिथेच थांबते.

मराठवाड्यापुरती एक गोष्ट मात्र अजून नीट हाताळलेली नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत गावाबाहेर असतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. फडावर ना आपली आशाताई, ना आपला केसपेपर. टोळी निघण्याआधी गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी त्यांचं बीपी मोजून किमान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड हाती द्यावं, आणि पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या केंद्राने त्याच कार्डावर द्याव्यात. येत्या हंगामाआधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने एवढं करावंच.