ऋतुनिवृत्ती : आहार, श्रम आणि संप्रेरके

थंडीचे दिवस, पहाटेची वेळ. घरातील सारी माणसे पांघरुणात गुरफटून झोपलेली असताना ४६ वर्षांची गृहिणी एकाएकी उठून बसते. छातीपासून मानेवर आणि मानेवरून चेहऱ्यावर उष्णतेची लाट चढत जाते, घामाने अंग भिजते आणि काही मिनिटांतच हुडहुडी भरते. ‘अंगातून वाफा येतात’ एवढ्याच शब्दांत ती हे शेजारणीला सांगते; डॉक्टरकडे मात्र जात नाही. पाळी जाण्याचे वय आले म्हणजे हे सोसलेच पाहिजे, ही समजूत घरोघर रूढ आहे. दुसऱ्या बाजूस, संप्रेरकांचा तोल ‘नैसर्गिक रीतीने’ पूर्ववत करून देण्याचे आश्वासन देणारी चूर्णे व गोळ्या बाजारात विपुल आहेत. मुकाट्याने सोसणे आणि भाबडेपणाने विकत घेणे या दोहोंहून निराळा मार्ग आहे. तो दिसण्यासाठी शरीरात काय घडते हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

मुलगी जन्मास येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजपुटके असतात. वयात येईपर्यंत त्यांची संख्या तीन-चार लाखांवर येते. त्यांपैकी चार-पाचशेच काय ती परिपक्व होऊन बीज सोडतात. बाकीची आपोआप झिजून जातात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः या पुटकांतच तयार होत असल्याने, पुटकांचा साठा संपत आला म्हणजे त्याचा स्राव प्रथम अनियमित होतो व पुढे मंदावतो. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अंडाशयांना चेतविणारे आपले संप्रेरक अधिकाधिक सोडू लागते. परंतु त्या हाकेला ओ देणारी पुटकेच उरलेली नसतात. अन्य कारण नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरीने ४६-४७ च्या सुमारास, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास येते.

संपलेली पुटके कोणत्याही आहाराने, आसनाने वा वनस्पतीने पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून ‘तोल पूर्ववत करणे’ हे शब्दच फसवे होत. आहार व श्रम यांचे कार्य वेगळे आहे आणि ते कमी मोलाचे नाही. इस्ट्रोजेन ज्या अवयवांची राखण करीत होते, त्यांची राखण आता दुसऱ्या मार्गांनी करावयाची, हे ते कार्य होय.

त्यांतील पहिला अवयव म्हणजे अस्थी. हाडांत जुना भाग झिजणे व नवा घडणे ही क्रिया अखंड चालू असते. इस्ट्रोजेन झिजेला आवर घालते. तो आवर सुटला की पहिल्या पाच वर्षांत हाडांच्या वस्तुमानात १० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. ती दुखत नाही, दिसत नाही. ओल्या मोरीत पाय घसरून मनगट वा खुबा मोडतो तेव्हाच ती उघडकीस येते. या वयात दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३६० मिलिग्रॅम असते. कर्नाटकात जिला रागी म्हणतात व कुमाऊँ-गढवालात मंडुआ, ती हीच. तिला दोन पेले दुधाची व चमचाभर तिळाची जोड दिली, तर बेरीज हजाराच्या जवळ जाते. पण घरातील दूध बहुधा मुलांना व पुरुषांना वाटून झाल्यावर उरले तरच गृहिणीच्या वाट्यास येते. कॅल्शियम शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. दिवस घरात काढणाऱ्या स्त्रीस तेही अपुरे पडते.

‘घरकामाची एवढी दगदग असताना आणखी व्यायाम कशाला?’ असा प्रश्न विचारला जातो. परंतु हाड बळकट होते ते त्याच्यावर भार पडल्याने. भरभर चालणे, जिने चढणे, वजन उचलणे यांनी तो भार पडतो. ओट्याशी तासन्‌तास उभे राहिल्याने केवळ पाय दुखतात. आठवड्यातून १५० मिनिटे झपाझप चालणे व दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे प्रमाण प्रौढांसाठी सांगितले जाते. या वयात रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते व चरबी पोटाभोवती साठू लागते; तेव्हा हृदयाचे रक्षणही याच चालण्याने होते.

अंगातून येणाऱ्या वाफांचे मूळ मेंदूत आहे. शरीराचे तापमान राखणारे केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर अतिसंवेदनशील होते आणि किंचित उष्णता वाढताच घामाचे दार उघडते. वजन अधिक असल्यास ते घटविणे व मानसोपचाराची एक विशिष्ट पद्धती यांनी हा त्रास हलका होतो. सोयाबीनमधील काही द्रव्ये इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असली, तरी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यांपैकी एकाचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करणारे जंतू सर्वांच्या आतड्यांत नसतात, हे त्याचे एक कारण मानतात. शतावरीच्या बाबतीत पुरावा तुटपुंजा आहे. ब्लॅक कोहॉश या अमेरिकन वनस्पतीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वनस्पतिज म्हणजे निर्धोक नव्हे.

संप्रेरकोपचाराचा इतिहास हाच धडा देतो. १९२३ मध्ये अ‍ॅलन व डॉइझी यांनी अंडाशयातील या संप्रेरकाचे कार्य दाखविले. १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले औषध अमेरिकेत विक्रीस आले. चिरतारुण्याचे साधन म्हणून त्याचा बोलबाला झाला. १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध उघड झाला. २००२ मध्ये १६ हजारांवर स्त्रियांवरील संयुक्त औषधाची चाचणी, स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याने, मध्येच थांबविण्यात आली आणि उत्साहाची जागा भीतीने घेतली. पुढील विश्लेषणाने दोन्ही टोके चुकीची ठरविली. साठीच्या आतील, वा निवृत्तीस दहा वर्षे न झालेल्या, आणि अन्यथा निरोगी स्त्रीस तीव्र त्रास असेल, तर डॉक्टरच्या देखरेखीखाली या उपचारापासून होणारा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो.

तीन प्रसंगी मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. चाळिशीपूर्वीच पाळी थांबली, शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये काढली गेली, किंवा वर्षभर बंद असलेला रक्तस्राव पुन्हा दिसला, तर तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. शेवटच्या प्रसंगी तर थेंबभर रक्तही उपेक्षणीय नाही. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते, आणि त्या अवस्थेत तो बहुधा बरा होतो.

ऋतुनिवृत्ती हा रोग नव्हे. परंतु तिच्यानंतर स्त्रीच्या आयुष्याची तीस-तीस वर्षे उरलेली असतात. पहाटे उठून बसलेल्या गृहिणीस कोणी काय होते ते विचारले, दुधाचा एक पेला तिच्यासाठी राखून ठेवला आणि सकाळचा अर्धा तास तिला चालण्यास मोकळा दिला, तर त्या वर्षांची तरतूद त्या घरात सुरू झाली असे म्हणता येईल.