हौदातले गप्पी

छत्रपती संभाजीनगरात पाणी साठवून ठेवणं ही हौस नव्हे, सक्ती आहे. पैठणच्या जायकवाडीचं पाणी अनेक वसाहतींत वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा आलं. म्हणून अंगणात हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीत ड्रम. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून उडण्यापर्यंतचा प्रवासही साधारण आठ-दहा दिवसांचाच. नळाचं वेळापत्रक डासाला विचारूनच ठरवलं असावं!

पावसाळ्यात आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर गल्लीत फिरलो. "मावशी, हौदाचं झाकण काढता का?" आत टॉर्च मारला. अळ्या शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून, डोकं खाली करून लोंबत होत्या. उजेड हलताच वळवळत तळाला गेल्या. हौद ओतून द्या म्हणणं सोपं, पण पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना कोण ओतेल?

अशा वेळी कर्मचाऱ्याच्या पिशवीतले गप्पी मासे कामी येतात. आधी पिशवी तशीच हौदात तरंगत ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत. नळ नुकताच येऊन गेला असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं. ताज्या क्लोरीनमध्ये मासा तगत नाही. मग गाठ सोडायची. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे पृष्ठभागालगतची अळी त्याला अलगद टिपता येते. दिवसाला 80 ते 100 अळ्या एक मासा फस्त करतो.

मूळचा हा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. ओढ्यात राहतो, खाडीच्या मचूळ पाण्यात राहतो, गढूळ गटारातही जगतो. 1928 साली इटलीहून भारतात आणलेला गंबुशिया त्याच्याच कुळातला, पण घाण पाणी गप्पीइतकं सोसत नाही. दोघेही अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात. गाभण मादीच्या पोटामागे काळा डाग गडद होत जातो. साधारण महिन्याभरात पिल्लं बाहेर येतात आणि लगेच पोहू लागतात. एका मीलनातलं शुक्र साठवून ती पुढच्या कित्येक वेतांना पुरवते. मात्र भूक लागली की आपलीच पिल्लं गिळते, म्हणून पैदास टाकीत लपायला पाणवनस्पती हव्यातच.

हाच चिवटपणा शहरातल्या खाम नदीत किंवा तळ्यात नको; तिथे परका मासा स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. गप्पीची जागा बंदिस्त हौदातच.

एडिसची अंडी मात्र पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटलेली असतात. तिथे मासा पोहोचत नाही. हौदातलं पाणी तळाला गेलं की भिंती घासाव्याच लागतात.

"पाणी कोणत्या दिवशी येतंय तेवढं सांगा," मावशी म्हणाल्या, "आदल्या दिवशी घासते."

कर्मचाऱ्यानं वहीत हौदाची नोंद केली आणि शेजारची कडी वाजवली.