चिंचोक्यातली साखरेची माळ

चिंच खाऊन झाली की आपण चिंचोके खेळायला घेतो, नाहीतर उकिरड्यावर टाकतो. पण घोंगडी विणणाऱ्याला तोच चिंचोका लागतो.

आधी चिंचोके भाजायचे आणि वरचं तपकिरी टरफल काढायचं. आतला पांढरट भाग कुटून पाण्यात शिजवला की चिकट खळ होते. ती ताण्याच्या सुताला कुंच्याने लावतात. सूत वाळलं की कडक होतं, त्याची लव बसते. मग मागावर घासलं तरी ते लवकर तुटत नाही. खळ नसेल तर विणकराचा निम्मा वेळ गाठी मारण्यातच जाईल.

खळ दाट का होते? गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. टरफल काढलेल्या चिंचोक्यात निम्म्याहून जास्त एकच पदार्थ असतो. त्याचं नाव झायलोग्लुकन. तो म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. ही चहातली साखर नव्हे बरं का! हिच्यात तीन जातींचे मणी असतात: ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज.

ग्लुकोजचे मणी एका ओळीत असतात. दर चार मण्यांपैकी तिघांना बाजूला एकेक झायलोजचा मणी लटकतो. चौथा मोकळा. फणीचा दर चौथा दात पडल्यासारखं दिसतं. काही झायलोजच्या टोकाला आणखी एक गॅलॅक्टोजचा मणी असतो.

कापूससुद्धा ग्लुकोजच्या अशाच माळांचा असतो. पण त्यांना बाजूचे मणी नसतात. म्हणून त्या माळा एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि कापूस कितीही उकळला तरी विरघळत नाही. चिंचोक्याच्या माळांना मात्र बाजूचे मणी आड येतात. मधल्या फटीत गरम पाणी शिरतं, माळा सुट्या होतात, एकमेकींत गुंततात. झाली खळ!

झाड ही माळ आपल्यासाठी करत नाही. चिंचोका रुजला की कोवळं रोप ती तोडून साखर खातं. ती त्याची शिदोरी आहे.

जपानात हाच पदार्थ आइस्क्रीम आणि सॉस दाट करायला घालतात. गिरण्यांतही सुताला त्याची खळ लावतात.

तेव्हा आई-वडिलांना सांगा, चिंचा फोडताना चिंचोके चुलीत घालू नका. डब्यात साठवा. थोडे विणकराला द्या आणि दोन-चार बांधावर पुरा.

– इयत्ता चौथी